कावळ्याला दिलेला शब्द

वावळीपाडा, डोंबिवली (पश्चिम)
२८ जुलै २०२५

चि. महेंद्र यास,
आजी गोदूबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, फक्त उजवा गुडघा तेवढा विरोधी पक्षात गेलाय. पत्र लिहायचं कारण असं की फोन लावला की तुझा तो सर्वेश उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगतो. परवा सकाळी सहाला लावला, तेव्हाही तू मीटिंगमध्ये. सकाळी सहाला तू कुठे असायचास ते मला विचार म्हणावं, पाणी घेऊन मागे मागे मी फिरलेय.

लिहिणारी अक्षदा आहे. तुझ्या थोरल्या भावाची पोर आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेली, हे तुला कुठल्या फलकावर वाचायला मिळणार नाही म्हणून सांगते. मी नाय म्हणते तिथे ती नाही लिहिते. दिल्लीला जायचंय पत्र, नीट कपडे घालून जाऊ दे, असं तिचं म्हणणं.

टीव्हीवर तुला बघितलं. मागून तिसऱ्या रांगेत बसून बाक वाजवत होतास. शाळेत बाक वाजवलास की मास्तर तुला बाहेर काढायचे. तिथे त्यासाठीच आत घेतात की काय? पाड्याच्या मंडळाचा खजिनदार, मग नगरसेवक, मग आमदार, आता खासदार. तुझा आजोबा धोंडीबा असता तर म्हणाला असता, पोरगा चढतोय चांगला, उतरायला शिकलाय का ते बघा.

आता कामाचं. आषाढ लागल्यापासून तुझ्या जुन्या खोलीच्या खिडकीत एक कावळा येऊन बसतो. भाकरी घातली, खाल्ली नाही. सुका बोंबील भाजून ठेवला, त्याच्याकडेही बघितलं नाही. बोंबलाला नाही म्हणणारा कावळा मी चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिला नाही. ओरडत नाही, चोच घासत नाही. खोलीत बघत बसतो. तुझा मतदार असेल, काम घेऊन आला असेल, असं म्हणून मी आधी हसले. आता त्या खोलीत जायला मला बरं वाटत नाही.

त्याला बघून राघो आठवतो. येत्या ऑक्टोबरात दहा वर्षं होतील. तुझी ती पहिली निवडणूक, परतीचा पाऊस, आणि नाक्याच्या खांबावर तुझा फलक बांधायला चढलेला राघो. त्याच्या दहाव्याला मी काही घाटावर आले नव्हते, बायकांना तेव्हा कोण नेतंय. पण आलेल्या पुरुषांनी मला दहादा सांगितलंय. दुपार झाली तरी पिंडाला कावळा शिवेना. त्याच्या बायकोला, शेवंतीला सांभाळू म्हणाले, शिवेना. त्याच्या पोरीला, रचनाला शिकवू म्हणाले, शिवेना. मग तू पिंडापाशी बसलास, तोंडापुढे हात धरून काहीतरी पुटपुटलास, आणि कावळा सरळ खाली आला. अख्खा पाडा म्हणाला, राघोने पहिलं मत मित्रालाच दिलं. मतदान पुढे झालं, पण निवडून तू त्या दुपारीच आलास.

मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते. काय सांगितलंस त्या कावळ्याला?

उत्तर स्वतःच्या हाताने लिही. मला वाचता येत नसलं तरी कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं की तुझा हात कळतो. तू पेन असा दाबतोस की जणू नांगर धरलायस.

लोभ आहेच. तो असावा म्हणून तुझ्याकडे अर्ज करायची वेळ माझ्यावर आणू नको.

तुझी आजी
गोदूबाई
(निशाणी डावा अंगठा)


खासदार जनसंपर्क कार्यालय, ठाणे
११ ऑगस्ट २०२५

प्रति,
श्रीमती गोदूबाई धोंडीबा, वावळीपाडा

विषय : कावळ्याच्या उपद्रवाबाबत.

महोदया,
स. न. वि. वि.

आपले दि. २८ जुलैचे निवेदन मा. खासदार महोदयांच्या कार्यालयास प्राप्त झाले. आपण मांडलेल्या समस्येची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून सदर पक्ष्याचा योग्य तो बंदोबस्त करण्याबाबत संबंधितांस कळविण्यात आले आहे. गुडघेदुखीसाठी आपण आमच्या मोफत आरोग्य शिबिराचा लाभ घ्यावा. येताना आधार कार्ड आणणे आवश्यक आहे. मा. खासदार महोदय आपल्या सेवेसाठी सदैव कटिबद्ध आहेत.

आपला विश्वासू,
सर्वेश
स्वीय सहायक


वावळीपाडा
२० ऑगस्ट २०२५

मा. खासदार महोदय यांस,
जनतेपैकी एका म्हातारीचा दंडवत. वि. वि.

तुझ्या कचेरीचं पत्र मिळालं. अक्षदाने वाचून दाखवलं तेव्हा मी हसून हसून खोकले आणि खोकून खोकून रडले. पाठीवरून बोट फिरवलं, तर कागद गुळगुळीत. यंत्राला कुठे जोर असतो? चार दिवसांनी दोघेजण जाळी घेऊन आले. कावळा हलला नाही, त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांनीच माझ्याशी हात मिळवला, फोटो काढला आणि गेले. कावळा आहे तिथेच आहे.

हसणं इथवर. पुढचं नीट बसून वाच.

तुझ्या शिबिराला आधार कार्ड लागतं म्हणून अक्षदाने तुझी पत्र्याची पेटी उघडली. कार्ड मिळालं नाही, एक कागद मिळाला. पोलीस चौकीतल्या जबाबाची नक्कल. खाली माझा अंगठा. पोरीने मनातल्या मनात वाचला आणि घडी घालून परत ठेवायला लागली. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने वाचलं. त्यात मी म्हणतेय की राघो दुपारपासून दारू प्यायलेला होता, हे मी स्वतः पाहिलं. त्याला खांबावर चढू नको म्हणून महेंद्रने बजावलं होतं, तरी त्याने ऐकलं नाही.

महेंद्रा, मी असं म्हणाले?

त्या दिवशी राघो माझ्या चुलीपुढे बसून जेवला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि दोन पेले ताक. ताक! त्या पोराने जन्मात त्याहून कडक काही घेतलं नाही. पाड्याच्या गोविंदा पथकात वरच्या थराला कायम तोच, कारण वर जाणारा शुद्धीत लागतो. ठाण्याला टेंभी नाक्याच्या हंडीला तुम्ही टेम्पो भरून जायचात तेव्हा खालच्या थरात तू आणि तुझ्या खांद्यावरच्याच्या खांद्यावर तो. जेवून उठला तेव्हा तू अंगणातून ओरडत होतास, समोरच्या पक्षाचा फलक उंच दिसतोय, आपला त्याच्या वर गेला पाहिजे, पाऊस थांबायची वाट बघू नको. मी भांडी घासत होते. माझे डोळे गेले असतील, कान शाबूत होते.

मग तिसऱ्या दिवशी चौकीत नेलंस. हवालदार लिहीत होता, तू सांगत होतास. मला म्हणालास, राघो आपला होता आणि आपल्याला दुःख झालंय, एवढंच लिहिलंय, अंगठा दे. मी दिला. जन्मभर असाच देत आले. रेशनला दिला, तुझ्या शाळेच्या दाखल्याला दिला. वाचणारं माणूस आपलं असलं की कागदाला काय घाबरायचं, असं मला वाटायचं.

शेवंती गेली दहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. नळावर मी आले की कळशी उचलून जाते. मी समजायचे, नवरा गेल्यावर हिला गर्व चढला. एकदा तर मी तसं चारचौघींत बोलून दाखवलं. आता कळतंय की तिला मदत नाकारणाऱ्यांनी माझाच अंगठा दाखवला असणार. तिची पोर रचना शाळेत बेवड्याची मुलगी म्हणून मोठी झाली, आणि मी तिला दिवाळीला करंज्या पाठवत होते. त्या परत का यायच्या, ते आज समजलं.

मी पुन्हा विचारते. कावळ्याला काय सांगितलंस?

सर्वेशच्या हाती लागू नये म्हणून पाकीट थेट दिल्लीच्या घरी पाठवतेय. आणि हे पत्र मी अक्षदाकडून दोनदा वाचून घेतलं. याआधी घेत नव्हते.

लोभाचं नंतर बघू.

गोदूबाई
(निशाणी डावा अंगठा)


नवी दिल्ली
५ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,
महेंद्रचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे माझ्या हाताने लिहितोय. पाठीवर बोट फिरवून बघ. अक्षदा, तू वाचते आहेस हे मला माहीत आहे. एकही शब्द गाळू नकोस.

आजी, तू ऐकलंस ते खरं, पण अर्धं. मी त्याला वर चढवला. शिडी धरायचं काम माझ्याकडे होतं. राघोची सवय तुला आठवत असेल, फलक बांधून झाला की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा. त्याचा अर्थ, झालं, आता उतरतो, शिडी धर. त्या दिवशी पक्षाच्या मोठ्या माणसाचा फोन आला. पहिल्यांदाच माझ्या नावाने आला होता. पावसात ऐकू येईना म्हणून मी शिडी सोडून पानाच्या टपरीच्या छपराखाली गेलो. शिट्टी ऐकली. हात वर करून थांब म्हणून खूण केली. त्याला ती दिसली नसणार. तारेचा झटका तसा थोडाच बसला होता, डॉक्टर म्हणाले. माणूस मेला तो पडून. शिडी धरलेली असती तर पडला नसता.

तो प्यायला होता असं मी पहिल्यांदा म्हणालो ते त्या टपरीवरच, घाबरून, पाच-सहा जणांना. मग ते परत घेता येईना. तुझा अंगठा घेतला, कारण तुझ्या शब्दावर पाड्यात कोणी शंका घेतली नसती.

कावळ्याला मी म्हणालो, राघो, एवढी निवडणूक होऊ दे. मग सगळ्या पाड्यासमोर सांगतो की तू शुद्धीत होतास आणि शिडी मी सोडली. तेवढ्यावर तो आला. आजी, त्याने विश्वास ठेवला.

ती निवडणूक झाली. मग म्हटलं, स्थायी समिती होऊ दे. मग विधानसभा होऊ दे. लोकांना मी हजार शब्द दिले, त्यातले निम्मे पाळले, उरलेले लोकच विसरले. हा एकच विसरत नाही. आमदार झालो त्या मिरवणुकीत, गुलालात, ढोल थांबले तेव्हा शिट्टी ऐकली. इथे शपथ घेताना ईश्वरसाक्ष म्हणायला तोंड उघडलं आणि वरच्या गॅलरीतून शिट्टी आली. मी मान वर केली. टीव्हीवाल्यांनी लिहिलं, नव्या खासदाराने भावनावश होऊन आकाशाकडे पाहिलं. इथल्या घरासमोर जांभळाचं झाड आहे. त्यावर कावळे खूप. त्यातला एक ओरडत नाही.

पण आजी, आता महापालिकेच्या निवडणुका आल्यात. उमेदवार ठरवायचं काम माझ्याकडे दिलंय. चाळीस जणांची घरं माझ्या नावावर उभी आहेत. आत्ता बोललो तर ते सगळे पडतील. एवढी एक होऊ दे. मग मी स्वतः शेवंतीकडे जातो. तोवर तो कागद जाळून टाक आणि तिला काही बोलू नकोस, हात जोडतो.

तुझ्या लोभाला मी पात्र नाही, तरी तोच मागतो.

महेंद्र


वावळीपाडा
२२ सप्टेंबर २०२५

चि. महेंद्र यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अक्षदाने वाचलं, आणि मध्येच उठून पाणी प्यायला गेली. पाठीवरून बोट फिरवलं. शिट्टी हा शब्द जिथे लिहिलायस तिथे कागद फाटलाय.

कागद जाळला नाही. चुलीला आता गॅस आहे, आणि मला काड्या पेटवू देत नाहीत. ही थट्टा झाली. खरं कारण असं की तो घेऊन मी शेवंतीच्या दारात गेले.

काल सर्वपित्री होती. तुझ्या आजोबाचं, तुझ्या बापाचं पान ठेवलं, तसं एक राघोचं ठेवलं. भाकरी, बिरडं, ताक. बाकीची दोन पानं दहा मिनिटांत साफ झाली. तुझ्या खिडकीतला कावळा भिंतीवर येऊन राघोच्या पानापुढे बसला आणि दिवस कलेपर्यंत तसाच बसला. चोच लावली नाही. ताकावर माशी बसली तर मानेने उडवली, पण प्यायला नाही. मी म्हटलं, अरे राघो, तुझ्या मित्राने चाळीस जणांची घरं मांडलीत, तुझं एक घर तेवढं त्याला दिसत नाही. आणि मग वाटलं, मी तरी कुठे बघितलं?

तर अक्षदाचा हात धरून गेले. शेवंती दारात भाजी निवडत होती. पाहून आत गेली नाही, ही तिची कृपा. मी कागद पुढे केला. म्हटलं, हा माझा अंगठा आहे, पण यात काय आहे ते मला गेल्या महिन्यात कळलं. तिने हात लावला नाही. म्हणाली, पाठ आहे मला. मग म्हणाली की दहा वर्षं ती वाट बघत होती, गोदूआजी येऊन सांगेल की जबाब खोटा आहे. आली नाही, तेव्हा ती धरून चालली की म्हातारीने नातवासाठी राघो विकला. मी म्हटलं, मला वाचता येत नव्हतं गं. ती म्हणाली, विचारता तर येत होतं.

मी कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

तुझं गुपित मी तिला सांगितलं नाही. शिडीचं तुझ्या तोंडून निघायला हवं. कावळ्याला शब्द तू दिलास, तो माझ्या तोंडून फिटत नाही. फिटला असता तर मी नाक्यावर उभी राहून ओरडले असते, या वयात मला कोण आत टाकतंय?

आणखी एक. डॉक्टर म्हणतो छातीत पाणी झालंय. मी म्हटलं, आमच्या पाड्यात नळाला येत नाही, इथे कुठून आलं? तो हसला नाही. डॉक्टर हसला नाही की समजायचं.

तेव्हा निवडणुकीनंतर वगैरे मला सांगू नको. माझी तारीख आयोग जाहीर करत नाही.

लोभ आहे. तो आहे म्हणूनच हे लिहितेय.

आजी
(निशाणी डावा अंगठा)


(पाकिटावर अक्षदाच्या हाताने : काका, हे पणजीने १ नोव्हेंबरला सांगितलं आणि मी लिहिलं. तिच्या दहाव्याच्या सकाळी घाटावर द्यायचं, त्याआधी नाही, असं तिने मला शपथेवर बांधलं होतं. १८ नोव्हेंबर २०२५)

चि. महेंद्रा,
जिथे असेन तिथून आशीर्वाद. वि. वि.

अक्षदा रडतेय, मी तिला म्हटलं, शाई पसरेल, नीट लिही.

आता तू डोकं भादरून घाटावर बसला असशील. मागे पाच-सहाशे माणसं असतील, त्यातली दहा माझी आणि बाकीची तुझी. भटजी घाईत असेल. पिंड मांडला असेल आणि कावळा शिवत नसेल. शिवणार नाही. मी त्याला सांगून ठेवलंय. तुझ्या खिडकीत इतके दिवस बसतो, आमची आता ओळख झालीये. मी विचारलं, तू कोण? त्याने मान तिरकी केली. मी म्हटलं, राहू दे, नाव सांगू नको, मला ऐकायला जड जाईल.

आता लोक म्हणतील, म्हातारीचा जीव नातवात अडकला. तू म्हणशील, आजी, काळजी करू नको, सगळं करतो. तसलं काही चालणार नाही. दहा वर्षांपूर्वी जे पुटपुटलास तेच आज मोठ्याने बोल. मागच्या माणसाला ऐकू जाईल असं. तोंडापुढे हात धरू नको. कावळ्याला कमी ऐकू येत नाही, तुझ्या लोकांना येतं.

शेवंतीला घाटावर बोलावून घे. बायकांनी येऊ नये म्हणणारा कोणी निघाला तर त्याला सांग, मेलेलीही बाईच आहे.

मला तुझा राग नाही असं नाही. आहे. तू पडलास तर मी खाली असते, हे तुला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून तू बेधडक चढलास. आता मी खाली नाही. आता सांभाळून.

अंगठा या पत्रावर देत नाही. तो पुष्कळ ठिकाणी दिला.

आजी


वावळीपाडा
२० नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
महेंद्रचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू म्हणालीस तसंच होतं सगळं. भटजी घाईत होते, माणसं तू सांगितलीस त्याहून जास्त, आणि कुंपणाच्या तारेवर तो एकटा. अक्षदाने पाकीट दिलं. वाचलं आणि तिलाच शेवंतीकडे धाडलं. शेवंती येईपर्यंत अर्धा तास गेला. तोवर सर्वेश दोनदा कानात येऊन सांगून गेला की पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय.

मग उभा राहिलो. माईक नसताना मैदान हलवणारा माझा आवाज, आजी, तो आलाच नाही. राघोचं नाव घेतलं, ते मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा घेतलं. राघो प्यायलेला नव्हता म्हणालो. शिडी मी धरली होती आणि मी सोडली म्हणालो. आजीच्या अंगठ्यावरचे शब्द माझे होते म्हणालो. समोर सगळे फोन वर झाले. एकाही माणसाचा चेहरा दिसेना.

कावळा हलला नाही.

मला वाटलं होतं, बोललो की येईल. पंधरा मिनिटं, अर्धा तास. लोक कुजबुजायला लागले. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा शेवंती पुढे आली. गर्दीने तिला वाट दिली. पिंडापुढे उकिडवी बसली आणि तुझ्याशी बोलावं तसं बोलली, की आजी, अंगठा तुमचा होता, शब्द तुमचे नव्हते. करंज्या परत केल्या त्या माझ्या पोरीला आवडायच्या. जा आता, माझ्या मनात काही नाही. तिचं बोलणं पुरं होण्याआधी तो खाली उतरला.

तुझा जीव माझ्यात अडकला नव्हता, आजी. हे मला तेव्हा कळलं आणि सगळ्यांदेखत मी रडलो.

उठताना मी शेवंतीपुढे हात जोडले. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. एवढंच म्हणाली, आजीचं झालं, तुझं तू राघोला विचार.

दिल्लीचे फोन मी घेतले नाहीत. सर्वेशने खुलासा लिहून आणला होता, की दुःखाच्या भरात बोललेल्या वाक्यांचा विपर्यास झाला. तो फाडला. काल रचनाला सोबत घेऊन चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, साहेब, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, नको, मीच लिहितो. खाली सही केली आणि रचनाला म्हटलं, तू वाच मोठ्याने. तिने वाचलं, दोनदा.

एक सांगायचं राहिलं. घाटावरून परतताना नाक्याच्या त्याच खांबावर कार्यकर्त्यांनी तुझ्या श्रद्धांजलीचा फलक लावलेला दिसला. त्यात तुझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि मी हात जोडलेला, पुरुषभर. तू असतीस तर म्हणाली असतीस, मेले मी आणि तसबीर याची. सगळ्यांना जेवायला पुढे पाठवलं. टपरीमागची शिडी आणली आणि चढलो. तारा आता जमिनीखालून गेल्यात, भीती कसली नव्हती. तरी एक हात खांबाभोवतीच ठेवला. दोऱ्या सोडल्या, फलक खाली गेला. वरून टपरी दिसते, आजी. छपराखालचा माणूसही दिसतो. मी केलेली खूण त्याला दिसली होती.

मग उतरायला पाय टाकला आणि शिडी सरकली. हातभर सरकली आणि थांबली. खाली कोणीतरी धरली होती, घट्ट, दोन्ही हातांनी धरतात तशी. कोण आहे ते वाकून बघायचं धाडस झालं नाही. डोळे मिटूनच उतरलो. जमिनीवर पाय टेकले तेव्हा जवळ कोणी नव्हतं.

घरी येऊन अक्षदाला विचारलं, नाक्यावर शिडी धरायला कोण आलं होतं. ती म्हणाली, काका, तेव्हा सगळे अंगणात पानावर बसले होते.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार ते मला माहीत आहे. त्याला तिथे ताक मिळत असेल तर तुझ्या हातचं दे. आणि सांग, मी नीट उतरलो.

तुमच्या दोघांच्या लोभाचा धनी,
महेंद्र